शेवंतीनं ओवाळलेलं हेलिकॉप्टर

कोलशेतच्या कोळीवाड्यात शेवंती नाखवीण रागावली की तिचा नवरा गुणाजी पहिलं काम काय करतो, तर कानातलं यंत्र काढून खिशात घालतो. चाळीस वर्षं होडीच्या इंजिनाला टेकून बसल्यानं त्याचे कान गेलेले. मुलानं हौसेनं यंत्र आणून दिलं आणि या गृहस्थानं त्याचा उपयोग शोधून काढला तो हा. गुणाजीइतका सुखी माणूस खाडीच्या दोन्ही तीरांवर नाही, असं गावात बोललं जातं.

पण गेल्या वर्षी माघात एक दिवस असा उजाडला की यंत्र खिशात असूनही गुणाजीला सगळं ऐकू आलं. आधी ऐकू आलं हेलिकॉप्टर, आणि त्याच्या मागोमाग शेवंती.

शेवंतीचं खळं देवळाच्या मागं, बंदराच्या अलीकडे. दोन बस शेजारी उभ्या राहतील एवढीशी जागा, पण तिच्या सासूच्या सासूपासून तिथं करंदी वाळत आली आहे. करंदी म्हणजे खाडीतली नखाएवढी कोळंबी. ती उन्हात खडखडीत वाळली की तिची सुकट होते. सुकट काय, कुणीही करतं. पण शेवंतीच्या सुकटीत वाळूचा कण सापडत नाही. त्यासाठी ती भल्या सकाळी खळं झाडते, धुते, वर बारीक विणीचं जुनं जाळं अंथरते, दर तासाला हातानं माल उलटते, दोन दिवसांनी सुपात पाखडते आणि वर चाळते. मग माल टेम्पोत टाकून माणकोलीच्या नव्या पुलावरून डोंबिवलीला बाजारात घेऊन बसते. तिथली गिऱ्हाइकं काय चीज आहेत हे ज्यानं त्यांना मासळी विकली त्यालाच ठाऊक. चार दाणे तोंडात टाकून, डोळे मिटून, परीक्षेचा पेपर तपासल्यासारखं चावून बघतात. त्यांच्यात निवृत्त शिक्षिका रसिकाताई सगळ्यात कडक. त्यांनीच एकदा सोसायटीभर सांगितलं होतं की शेवंतीची सुकट धुवायला लागत नाही, नुसती भाजायची. हे एक वाक्य शेवंतीनं अंगावरच्या सोन्यापेक्षा जपलं होतं.

खळ्याला लागून भिंत, आणि भिंतीपलीकडे सौमित्रशेठ. तिथं पूर्वी रंगाचा कारखाना होता. तो बंद पडला, शेठनं जागा घेतली आणि खाडीकाठी, गावाकडे तोंड करून बंगला बांधला. शेठचा गोदामांचा धंदा, अर्धा भिवंडीकडे, अर्धा नाशिककडे. बंगल्याबद्दल गावात जे बोललं जातं त्यातलं निम्मं खरं धरावं. कुत्र्याला पोहायला वेगळी टाकी आहे म्हणतात. टाकी पाहिली कुणीच नाही, पण सांगणारे तिची खोलीसुद्धा सांगतात.

हेलिकॉप्टर आहे, हे मात्र शंभर टक्के खरं. कारण त्याला शेवंतीनं स्वतः ओवाळलं आहे.

ही गोष्ट ती आता कुणाला सांगत नाही, म्हणून इथं सांगायला हवी. झालं असं, की दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेठचा व्यवस्थापक दिपेश नारळ आणि पेढ्यांचे खोके घेऊन कोळीवाड्यात आला. शेठ नवीन वाहन घेतायत, म्हणाला, आणि त्यांची इच्छा आहे की गावातल्या मानाच्या बाईनं त्याला ओवाळावं. आता कोलशेतात नवीन होडी पाण्यात उतरायची तर शेवंतीच्या हातचं कुंकू लागल्याशिवाय उतरत नाही. तिचा हात चांगला, अशी सगळ्यांची खात्री. दारी नारळ घेऊन आलेल्या माणसाला ओवाळणीला नाही म्हणणं तिच्या कुळात कुणी केलं नव्हतं. ती हिरवं लुगडं नेसून, नथ घालून, केसांत अबोलीचा गजरा माळून, ताम्हणात निरांजन घेऊन भिंतीपलीकडे गेली. हिरवळीवर ते यंत्र उभं होतं. तिनं त्याच्या नाकाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, होडीला म्हणतात ते सगळं म्हटलं. गुणाजीनं झेंडूची माळ आणली होती ती त्यानं पुढच्या दांड्याला बांधली. ते यंत्र उडवणाऱ्या कप्तानानं ती हात जोडून सोडवली. उडणाऱ्या यंत्राला काही सुटं लोंबतं ठेवायचं नसतं, म्हणाला. दिपेशनं फोटो काढले. पुढचे आठ दिवस डोंबिवलीच्या बाजारात सुकट घेणाऱ्या प्रत्येक बाईला शेवंतीनं सांगितलं की मी हेलिकापटर ओवाळलं. एका बाईनं न घेताच निघायचं ठरवलं होतं, तिला थांबवून सांगितलं.

दिवाळीनंतर ते उडायला लागलं. आधी महिन्यातून दोनदा, मग आठवड्यातून तीनदा. यायचं ते बरोबर कोळीवाड्याच्या छपरांवरून, देवळाच्या कळसाला वळसा घालून, खळ्यावरून खाली उतरत भिंतीपलीकडे. त्याचा आवाज कानांत यायच्या आधी छातीत यायचा. शेजारच्या कलावतीची पत्र्यावर वाळत घातलेली चादर उडून शेठच्या हिरवळीवर गेली, ती तिनं आणायला माणूस पाठवला तर फाटकावरच्या रखवालदारानं चादरीचं वर्णन लिहून मागितलं. लोक हसले, चिडले, पुन्हा कामाला लागले. मोठ्या माणसाचं वाहन, करणार काय.

माघातल्या त्या दिवशी मात्र शेवंतीची दोन दिवसांची सुकट खळ्यावर होती. अगदी उचलायला आलेली, कागदासारखी हलकी. हेलिकॉप्टर खळ्याच्या माथ्यावर येऊन थबकलं आणि निम्मी सुकट गुलालासारखी हवेत उडाली. देवळाच्या कौलांवर गेली, विहिरीत गेली, पारावर पत्ते खेळणाऱ्यांच्या डोक्यांत गेली. उरलेल्या निम्मीवर भिंतीकडची सगळी धूळ येऊन बसली. गुणाजीला शेवंती ऐकू आली ती यानंतर.

उरलेला माल शेवंतीनं तीनदा चाळला, चारदा पाखडला, आणि मनातून नको म्हणत असतानाही बाजारात नेला, कारण रसिकाताईंना शब्द दिला होता. ताईंनी चार दाणे तोंडात टाकले. डोळे मिटले. मग उघडले.

"शेवंती, कचकचतंय गं," त्या म्हणाल्या. रागानं नाही, हळहळून. तेच जास्त लागलं. शेवंतीनं टोपली झाकली आणि एक दाणाही न विकता परत आली. टेम्पोवाला सांगतो, पूल संपेपर्यंत तिनं एक शब्द काढला नाही. आणि शेवंती गप्प बसल्याचा हा त्याच्या आठवणीतला पहिला प्रवास.

दुसऱ्या दिवशी ती बंगल्यावर गेली. फाटकावरच्या डब्यातून दिपेशचा आवाज आला. शेवंतीनं डब्याला सगळं सांगितलं. डब्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आमच्याकडे सगळ्या परवानग्या आहेत, सगळं नियमात आहे. माणूस समोर उभा राहून नाही म्हणाला असता तर शेवंतीला एवढं वाईट वाटलं नसतं. पण ज्याच्या नाकाला आपण कुंकू लावलं त्याच्याबद्दल एका डब्याशी भांडायचं, हे तिला फार झोंबलं.

आणि आठ दिवसांनी, शेठच्या अर्जावरून काढलेली, कचेरीची नोटीस आली. ती सुनेनं वाचली. सून संचिता डोंबिवलीची, ठाण्यात एका वकिलाकडे टायपिंग करते, त्यामुळे सरकारी मराठी ती झोपेतही वाचते. नोटिशीत लिहिलं होतं की हवाई सुरक्षेच्या नियमांनुसार हेलिकॉप्टर उतरण्याच्या जागेलगत कोणतेही सुटे साहित्य असू नये, सबब शेजारील मोकळ्या जागेवरील सुटे साहित्य कायमचे हटवण्यात यावे.

"सुटं साहित्य म्हंजे काय गो?" शेवंतीनं विचारलं.

"तुमची सुकट, आई."

शेवंतीला आधी वाटलं सून चेष्टा करते आहे. मग संचितानं तिला कागद उलगडून समजावलं की शेठच्या म्हणण्याप्रमाणे हेलिकॉप्टरचा सुकटीला त्रास नाही. सुकटीचाच हेलिकॉप्टरला धोका आहे. पंख्यात गेली तर काय घ्या. तीन पिढ्या जी जागा करंदीनं तांबूस झाली ती कागदावर "शेजारील मोकळी जागा" झाली होती. एकदा तिथली सुकट उचलली की दुसऱ्या वर्षी जागा मोकळी दिसणार, तिसऱ्या वर्षी ती शेठच्या गाड्यांना लागणार, हे कळायला शेवंतीला वकील लागला नाही.

"यंत्र घाला कानात," ती गुणाजीला म्हणाली. "आज ऐकायला पायजे तुमी."

त्यानं मुकाट्यानं घातलं.

संचितानं त्याच कचेरीला तक्रार लिहिली. तिनं नियमांची पुस्तिका वकिलाच्या कपाटातून काढून वाचली होती आणि तिला त्यात अशी मजा यायला लागली होती की जेवताना ती कलमं सांगायची. खाजगी हेलिकॉप्टर कुठंही उतरवता येत नाही, जागा मंजूर लागते. येण्याजाण्याची वाट शक्यतो माणसांच्या डोक्यावरून नसावी. आसपास राहणाऱ्यांची हरकत विचारात घ्यावी. शेवंती घास हातात धरून ऐकायची आणि म्हणायची, मंग आमची हरकत कवा विचारली? कुणी विचारली?

याचं उत्तर सुनावणीत मिळालं.

सुनावणीला अर्धा कोळीवाडा गेला होता, काहीजण न्यायासाठी आणि बरेचजण शेवंती काय बोलते ते ऐकण्यासाठी. टेबलामागं एक तरुण अधिकारीणबाई होत्या, चेहऱ्यावर सुरकुती न पाडता ऐकून घेणाऱ्या. सौमित्रशेठ वकिलासह आले होते, शुभ्र कपड्यांत, सगळ्यांना मावशी-काका म्हणत. बाईंनी विचारलं, स्थानिकांची संमती घेतली होती का? दिपेशनं फायलीतून एक मोठा रंगीत फोटो काढून टेबलावर ठेवला.

हिरवं लुगडं. नथ. अबोलीचा गजरा. हातात ताम्हण, आणि समोर हेलिकॉप्टर. शेवंती हसतेय, अशी हसतेय की लग्नातल्या फोटोतही हसली नव्हती. खाली छापलं होतं: स्थानिक ग्रामस्थांची संमती व आशीर्वाद.

मागच्या बाकावर कुणीतरी फुसकन हसलं. कलावतीनं पदर तोंडात कोंबला. संचिताची मान खाली गेली, कारण हा फोटो काढल्याचं तिला घरात कुणी सांगितलंच नव्हतं. आणि शेवंती लाजली. चौसष्टाव्या वर्षी, भर कचेरीत, कानापर्यंत लाल झाली. शेठ गोड आवाजात म्हणाले, मावशींचे आशीर्वाद आहेत म्हणून तर आम्ही निर्धास्त आहोत.

त्या एका वाक्यानं तिची लाज जळून गेली. ती उठली. अधिकारीणबाईंनी बसून बोललं तरी चालेल म्हणून सांगितलं, ते तिनं ऐकलं नाही.

"बाई, यो फोटो माजाच हाय," ती म्हणाली. "आमी नव्या होडीला ओवाळतो. हजार होड्या ओवाळल्या असतील मी. ओवाळलेली होडी दुसऱ्याच्या जाल्यावरून जात नाय. जाल्याच्या निशानाचा वावटा दिसला का वळसा घालून जाते. कोनी सांगावं लागत नाय, तिच्या मालकाला लाज असते. यांना ओवाळलं ती माजी चूक झाली. मना वाटलं, यांना पन असेल."

शेठच्या वकिलानं काहीतरी पुटपुटत हरकत घेतली. कशावर, ते त्यालाही सांगता आलं नाही. बाईंनी फोटो उचलला, बराच वेळ पाहिला, आणि विचारलं की या समारंभाच्या वेळी शेवंतीबाईंना कोणता अर्ज वाचून दाखवला होता का, कुठं सही घेतली होती का. दिपेशनं फाईल उलटीपालटी केली. पेढे दिले होते, म्हणाला.

बाईंनी जागेची पाहणी करायचं ठरवलं, आवाज मोजायचं यंत्र घेऊन. तारीख ठरली. आणि इथं शेठनं जी हुशारी केली ती ऐकण्यासारखी आहे.

पाहणीच्या दिवशी शेवंतीनं खळ्यावर सुकट पसरली. गाव देवळाच्या पायऱ्यांवर बसलं. बाई यंत्र घेऊन खळ्याच्या कडेला उभ्या राहिल्या. सगळे छपरांकडे बघत होते, आणि हेलिकॉप्टर आलं मागून. खाडीवरून. उंचावरून, सावकाश, तिवरांच्या बाजूनं, एखाद्या पाहुण्यासारखं चपला हातात घेऊन. भिंतीपलीकडे उतरलं तेव्हा थोडा वारा आला, कडेची चार मुठी सुकट सरकली, बस. मोजणीच्या यंत्रावर आकडा इतका कमी आला की शेठ हसतच बाहेर आले. गावाचे चेहरे उतरले. संचिताच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. एवढी कलमं वाचून शेवटी हे.

शेवंतीचा चेहरा मात्र उतरला नव्हता. तिनं भिंतीच्या छोट्या दारातून आलेल्या कप्तानाला हाक मारली, त्याच कप्तानाला ज्यानं हात जोडून माळ सोडवली होती. माणूस सभ्य, हे तिनं तेव्हाच हेरलं होतं.

"कप्तानसाहेब, आज खाडीकडून आलात. अवघड गेलं काय?"

अवघड काही नाही, कप्तान म्हणाला. उलट ही वाट जास्त मोकळी.

"मग रोज आमच्या डोक्यावरून का आणता?"

कप्तानानं शेठकडे बघितलं. मग अधिकारीणबाईंकडे. मग जमिनीकडे बघत खरं ते सांगून टाकलं. खाडीकडून आलं की बंगल्याच्या मागून उतरताना दिसत नाही. गच्चीवर पाहुणे बसलेले असतात. साहेबांना समोरून आलेलं आवडतं.

म्हणजे वारा नाही, वेळ नाही, इंधन नाही. गच्चीवरच्या चार पाहुण्यांनी माना वर कराव्यात म्हणून इतके महिने अख्ख्या गावानं माना खाली घातल्या होत्या. म्हणून सुकट विहिरीत गेली, म्हणून रसिकाताईंच्या दाताखाली वाळू आली, म्हणून कलावतीनं एका चादरीचं वर्णन लिहून दिलं. कचेरीत हसणारं गाव आता हसेना. गुणाजी, ज्याला आयुष्यात कुणी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, तो पायरीवरून उठून शेठच्या समोर जाऊन उभा राहिला. त्यानं फक्त कानातलं यंत्र काढलं आणि शेठच्या पुढं धरलं, हे घ्या, तुम्ही घाला, म्हणून. शेठनं ते घेतलं नाही. पण ते त्या दिवशी परत कुणाला मावशी म्हणाले नाहीत.

हुकूम महिन्याभरानं आला. सुटं साहित्य हटवण्याची नोटीस रद्द. येणं-जाणं फक्त खाडीच्या बाजूनं. खळ्याचा उल्लेख कागदावर पहिल्यांदाच "मासळी वाळवण्याची जागा" असा झाला. संचितानं ती ओळ तीन वेळा वाचून दाखवली. आणि शेवटी एक अट होती. खाडीकडून आलं तरी उतरताना-चढताना वारा खळ्यावर येतोच, सबब प्रत्येक उड्डाणापूर्वी मासळी वाळवणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून कळवावे, आणि माल पसरलेला असल्यास तो त्यांनी उचलेपर्यंत उड्डाण करू नये. ही अट संचितानं मागितली होती. अधिकारीणबाईंनी ती लिहिताना हसू आवरलं होतं असं कचेरीतला शिपाई सांगतो, पण शिपायांचं निम्मंच खरं धरावं.

तेव्हापासून दिपेश खळ्यावर यायला लागला. डब्यातून बोलायची सोय राहिली नव्हती; प्रत्यक्ष भेटून, असं लिहिलं होतं. शेवंती त्याला उन्हात उभं करायची. कधी सुकट नसायची, तर जा म्हणायची. कधी असायची, तर त्याला हातात सूप देऊन पाखडायला लावायची, लवकर उरकेल म्हणून. त्याला आता बरं पाखडता येतं. डोंबिवलीच्या रसिकाताईंनी या मोसमातली सुकट चावून पाहिली आणि नेहमीपेक्षा दुप्पट मागितली. शेवंतीला तेवढं पुरलं, पण तिचा राग काही गेला नव्हता. माझ्याच जागेवर मला नुसतं विचारावं, एवढ्यासाठी कचेरीत उभं राहावं लागलं, हे ती अजून धरून आहे, आणि का धरू नये.

या माघात एका सकाळी दिपेशऐवजी सौमित्रशेठ स्वतः आले. पांढरे बूट, हातात फोन. नाशिकला दुपारपर्यंत पोचायलाच हवं, म्हणाले, मोठा सौदा आहे. खळ्यावर सुकट होती, पहिल्याच दिवसाची, अजून ओलसर. शेठ म्हणाले, माझी दहा माणसं पाठवतो, पाच मिनिटांत उचलतील. शेवंतीनं मान न वळवता सांगितलं की ओली सुकट उचलली की तिचा लगदा होतो, आणि ओल्या मालाला परक्याचा हात लागत नाही. मग किती वेळ लागेल, शेठनं विचारलं. तिनं आभाळाकडे पाहिलं, मुठीत चार दाणे घेऊन दाबून पाहिले.

"उद्या संध्याकाळपर्यंत," ती म्हणाली.

शेठनं हिरवळीकडे पाहिलं, जिथं कप्तान यंत्राच्या सावलीत बसून चहा पीत होता. मग ते वळले आणि गाडीकडे निघाले. शेवंतीनं सुकट उलटायला घेतली होती, ती पुढं उलटत राहिली. गाडीचं दार लागलं तेव्हा तिनं मान वर करून मोठ्यानं सांगितलं, "नाशिकच्या रस्त्याला रांजणोलीत खोदून ठेवलंय शेठ. काल्हेरवरून जावा. चार तास लागतील, पन जाल."